सकाळी होकार, दुपारी नकार

भर दुपारी दोन वाजता बारा माणसं एका भोकाकडे टक लावून बघत होती. भोक मुठीएवढं, जमिनीत बसवलेल्या दगडी झाकणाच्या मधोमध. त्याच्यावर काठीला बांधलेली लाल रेशमी फीत लोंबत होती आणि काठी दादाच्या हातात होती.

"हात कुणाचा? तुमचा! काठी कुणी धरलीय? तुम्ही! मी शिवलोसुद्धा नाही!" प्रोफेसरने दोन्ही तळवे वर करून सगळ्यांना दाखवले. "आता शांतता. तीन हजार वर्षं श्वासावर जगणाऱ्या महापुरुषासमोर आपण उभे आहोत. वैद्यराज, या सद्गृहस्थांनी पित्ताशयाचं ऑपरेशन करावं काय?"

फीत थरथरली, सरळ वर उडाली आणि दादाच्या नाकाला लागली.

"नकार!" प्रोफेसर ओरडला. बाराजणांच्या तोंडून एकदम 'अहाहा' निघालं. एका बाईंनी तर दादाला, त्याची ओळखदेख नसताना, वाकून नमस्कार केला.

हा प्रोफेसर कुठल्या कॉलेजात शिकवत होता असं नाही. ती पदवी त्याला त्याच्या हॅटने दिली होती. त्या टेकडीवर एका जुन्या नगराचे अवशेष उकरून काढले होते. गुडघाभर उंचीच्या भिंती, गटारं आणि सगळीकडे दोऱ्या बांधलेल्या. सरकारी गाईड अर्ध्या तासात सगळं दाखवून मोकळा व्हायचा. प्रोफेसरची मात्र 'खास खासगी सफर' असायची. खासगी म्हणजे एका वेळी तीन कुटुंबं.

त्याची गोष्ट अशी होती, की या झाकणाखाली त्या नगराच्या वैद्यराजांनी जिवंत समाधी घेतली आणि ते अजून श्वास घेतात. फीत आत ओढली तर होकार, बाहेर फुंकली तर नकार. "हे तुम्हाला पुस्तकात सापडणार नाही. पुस्तकांना झेपलं नसतं! शास्त्रज्ञ यंत्रं घेऊन आले, यंत्रं बंद पडली, शास्त्रज्ञ ढसाढसा रडले." कुठले शास्त्रज्ञ, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: परदेशी. परदेशी शास्त्रज्ञाचं एक बरं असतं, त्याचा पत्ता कुणी मागत नाही.

झाकणाच्या मागे पुरातत्त्व खात्याची एक पाटी होती. प्रोफेसर आल्याआल्या तिच्यावर आपलं जाकीट अडकवायचा. दादाच्या धाकट्या बहिणीने, चिमीने, मघाशी ते जाकीट हळूच उचलून पाटी वाचली होती. 'धान्य साठवण्याचे पेव, क्रमांक सात.' म्हणजे जिथे पूर्वी लोक धान्य ठेवायचे, तिथे आता पोटदुखीचा सल्ला मिळत होता.

चिमीची साठी उलटली होती, नोकरीतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी घरात ती चिमीच. ती दादा-वहिनींबरोबर आली होती ती केवळ भांडायला. पण भांडणार कशाच्या जोरावर? फीत खरोखर उडत होती, हीच तर पंचाईत होती.

तिने आजूबाजूला नजर टाकली. खाली कुठेतरी पंखा बसवला असणार. ती सरळ पोटावर आडवी झाली आणि भोकाला डोळा लावला. डोळ्यात गार हवा गेली, मग धूळ गेली. वायर नाही, नळी नाही, मोटारीचा आवाज नाही. मागच्या भिंतीमागेही तिने जाऊन पाहिलं. तिथे एक सरडा तेवढा होता.

"बघा, बाई, मनसोक्त बघा!" प्रोफेसर म्हणाला. "शंका ही श्रद्धेची पहिली पायरी आहे."

लोक हसले. वहिनी खालच्या आवाजात म्हणाली, "वन्सं, उठा आता. साडीची काय दशा केलीत! झालं ना समाधान? उद्या सकाळी मी हॉस्पिटलला फोन करून नाही म्हणून टाकते."

चिमी साडी झटकत उठली. मंगळवार होता आणि ऑपरेशन गुरुवारी होतं. गेल्याच महिन्यात एक खडा नळीत अडकून दादा हळदीसारखा पिवळा झाला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, या वेळी निभावलं, पुढच्या वेळी जंतू रक्तात शिरले तर आमच्या हातात फारसं काही राहणार नाही. असं असताना दादा एका भोकाचं ऐकून खुशीत होता. दोन महिन्यांत तो इतका हसला नव्हता. तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

ती तरातरा खाली नळावर डोळा धुवायला गेली. तिथे आवारात झाडलोट करणारी बाई पाय धुत बसली होती.

"धूळ गेली ना डोळ्यात?" बाई म्हणाली. "दुपारी त्या भोकाजवळ जायचंच नाही. फुंकतंय ते."

"आणि सकाळी?"

"सकाळी ओढतंय. बारा वर्षं झाडतेय मी. सकाळी कचरा भोकाशी नुसता लोटायचा, पाचोळा आपोआप आत. सुपडीसुद्धा लागत नाही. दहानंतर मात्र तेच सगळं उलट तोंडावर."

"अहो, पण आत वैद्यराज आहेत म्हणतात!"

"असतील बापडे. मग बारा वर्षं मी त्यांना कचरा भरवतेय म्हणायचं!" बाई पाय पुसत म्हणाली. "तो हॅटवाला आहे ना, तो रोज उघडताक्षणी येऊन एकटाच फीत धरून बघतो. वादळी हवा असली की ओढण्या-फुंकण्याचा नेम राहत नाही. मग त्या दिवशी सांगतो, वैद्यराज ध्यानात बसलेत."

चिमीने ओल्या हातानेच कपाळावर मारून घेतलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा! एकतीस वर्षं ती वेधशाळेत निरीक्षक होती. एकतीस वर्षं, पाळीप्रमाणे, दर तीन तासांनी हवेचा दाब वाचून वहीत लिहिणं हेच तिचं काम. या कामाची घरात कायम चेष्टा. "एवढं लिहून तुमचा पाऊस एकदा तरी वेळेवर आला का गं?" असं दादा दर पावसाळ्यात विचारायचा. पण पावसाचं काही असो, दाबाचा नेम तिला झोपेतही पाठ होता. पहाटे चारपासून दहापर्यंत चढतो, दहापासून दुपारी चारपर्यंत उतरतो. उन्हाने वरचं सगळं वातावरण तापतं आणि निवतं, त्याची ही रोजची लाट. आणि बारा वर्षांचा कचरा गिळूनही पेव भरलं नाही, म्हणजे ही टेकडी आतून पोखरलेल्या दगडाची असणार, पेवाखाली पोकळ्यांचं जाळं. बाहेरची हवा जड झाली की आत शिरणार, हलकी झाली की आतली बाहेर येणार. पोकळी मोठी आणि तोंड लहान, म्हणून भोकाशी वारा लागतो.

संध्याकाळी घरी तिने वहिनीसमोर एक कागद लिहिला, घडी घातली आणि तिच्याच पर्समध्ये ठेवला.

"उद्या सकाळी पुन्हा जायचं. फोन अकरानंतर कर. त्याआधी हा उघडू नकोस."

"पुन्हा कशाला? वैद्यराजांनी सांगितलंय की!"

"वैद्यराजांचा मूड बदलतो का ते बघू."

"थट्टा करू नका हं, वन्सं. यांना काही झालं तर?"

"तेच म्हणतेय मी," चिमी म्हणाली. एवढं म्हणताना तिचा आवाज चिरकला, म्हणून वहिनी कबूल झाली.

बुधवारी साडेआठला प्रोफेसरची सफर पेवापाशी पोचली तेव्हा हे तिघं तिथे आधीच बसले होते. एक तरुण जोडपं नवीन दुकान काढावं का म्हणून विचारायला आलं होतं. फीत सुळकन भोकात ओढली गेली. होकार! बायकोने आनंदाने टाळ्या वाजवल्या.

"आता माझा नंबर," चिमी उठली.

"बाई, ही खासगी सफर आहे."

"मी तिकीट काढलंय. भोकाशी बोलायला गाईड लागतो असं पाटीवर कुठे लिहिलंय? जाकीट काढा, वाचून बघू."

लोक हसले आणि प्रोफेसरला बाजूला व्हावं लागलं. चिमीने काठी वहिनीच्याच हातात दिली.

"वैद्यराज, दादाने ऑपरेशन करावं का?"

फीत आत. वहिनीचे डोळे विस्फारले.

"दादाने ऑपरेशन मुळीच करू नये का?"

फीत आत.

"माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय, तिचं पित्ताशय काढावं का?"

फीत आत. जोडप्यातला नवरा खो-खो हसला. बायकोने त्याला कोपरखळी मारली आणि मग तीही हसायला लागली.

"अविश्वासाने कंपनं बिघडतात!" प्रोफेसर ओरडला.

"अहो, बिघडली कुठे? सगळ्याला हो म्हणताहेत. यापेक्षा गोड स्वभाव कुठला? बसू या जरा. मला घाई नाही."

बाकीच्यांनाही आता निघवेना. कुणी पाण्याची बाटली उघडली, कुणी भिंतीच्या सावलीला टेकलं. दहाच्या सुमाराला फीत नुसती लोंबत राहिली. कुठलाही प्रश्न विचारा, ढिम्म. "वैद्यराज विचार करताहेत," प्रोफेसर म्हणाला खरा, पण त्याने हॅट काढून घाम पुसला. आणि अकराला पाच कमी असताना फीत हळूच उठली, फडफडली आणि वर उडाली.

"विचारा तुमच्या दुकानाचं," चिमी म्हणाली.

बायकोने विचारलं. नकार. तिने प्रोफेसरकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला.

"हा गाईड खरा आहे का?" नवऱ्याने विचारलं. नकार! एकच हशा पिकला.

"खूश होऊ नका," चिमी म्हणाली. "नऊला विचारलं असतंत तर हो म्हणाले असते. वहिनी, कागद काढ."

वहिनीने घडी उलगडून मोठ्याने वाचलं. "साडेआठला आत. दहाच्या सुमारास लोंबेल. अकराला बाहेर. प्रश्न कोणताही असो." तिने कागद उलटापालटा करून पाहिला. "वन्सं, हे तर तुम्ही काल लिहिलं होतंत."

मग चिमीने दाबाचे चढ-उतार सांगितले, खालच्या पोकळ्या सांगितल्या. जाकीट काढून पाटी सगळ्यांना दाखवली. प्रश्न एकच उरला होता. ज्याला होकार हवा तो नेमका सकाळी कसा काय येतो?

"आम्हाला फोनवर विचारलं होतं," दुकानवाली म्हणाली. "की तुमच्या मनाचा कौल काय आहे? आम्ही म्हटलं, दुकान काढायचंच आहे. तर म्हणाले, मग सकाळी साडेआठला या, तुमच्यासाठी ती वेळ शुभ आहे."

चिमी वहिनीकडे वळली. "आणि तू काय सांगितलंस?"

"मी? मी कुठे फोन केला? फोन यांनी केला होता."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादा बुटाच्या टोकाने माती उकरत होता.

"मी म्हटलं... टळलं तर बरं," तो पुटपुटला. "मग म्हणाले, दुपारी दोनला या."

प्रोफेसरने संधी साधली. "बघा! मी कुणाचं काय वाईट केलं? लोकांना जे हवं तेच ऐकवतो. हसत घरी जातात."

"हसत घरी गेला असता," चिमी म्हणाली, आणि आता ती खरोखर चिडली होती. "आणि महिन्याभरात पुन्हा पिवळा पडून आमच्या डोळ्यांदेखत गेला असता. तेव्हा तुम्ही नव्या गिऱ्हाइकाला वेळ देत बसला असता! रोज उघडताक्षणी येऊन वेध घेता, नेम बरोबर ओळखता. आमच्या खात्यात असता तर कौतुक केलं असतं मी तुमचं. एवढी नजर आणि ती लोकांना झुलवण्यासाठी? शरम वाटायला हवी."

प्रोफेसरने जाकीट उचललं आणि 'माझी दुसरी सफर आहे' असं काहीसं पुटपुटत तो चालता झाला. त्याच्यामागे कुणी गेलं नाही.

दादा भिंतीच्या कडेवर बसला होता. चिमी शेजारी जाऊन बसली.

"भीती वाटते गं, चिमे," तो म्हणाला. "भूल देतील आणि मी उठलोच नाही तर? बायकोला कसं सांगू? पोरांना कसं सांगू? म्हटलं, कुणीतरी दुसऱ्यानेच नाही म्हणावं."

"मग हे डॉक्टरांना विचारलंस का?"

"छे! हसतील."

"भोकाला विचारताना नाही लाज वाटली ती!" असं म्हणून तिने फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

दादाने तोच प्रश्न विचारला. पलीकडून डॉक्टर हसले नाहीत. त्यांनीच उलट पाच-सहा गोष्टी विचारल्या. दम लागतो का, गोळ्या कुठल्या चालू आहेत, पूर्वी कधी भूल दिली होती का. मग म्हणाले, "बहुतेक सगळे रोगी नीट जागे होतात. शंभर टक्के हमी मी देणार नाही, कुणीच देऊ शकत नाही. भूल देणारे डॉक्टर आज संध्याकाळी तुम्हाला तपासतील, त्यांना सगळं विचारा. पण ऑपरेशन केलं नाही तर धोका कितीतरी जास्त आहे, हे मला नक्की माहीत आहे."

दादाने फोन ठेवला. "हमी देत नाही म्हणतात!"

"म्हणूनच त्यांच्या हाती पोट द्यायचं," चिमी म्हणाली. "ज्याला 'माहीत नाही' म्हणता येत नाही, त्याला काहीच माहीत नसतं."

वहिनीने डोळे पुसले आणि दादाचा हात धरला. "चला. संध्याकाळी तपासायला जायचंय ना? मला सांगायचं होतंत हो. मी काय परकी होते?"

गुरुवारी ऑपरेशन झालं. दादा जागा झाला, बायकोला पाहून लहान पोरासारखा रडला आणि तासाभराने नर्सशी उशीवरून भांडला. म्हणजे सगळं ठीक होतं.

भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण भीती घेऊन माणूस भोकाकडे जातो, कारण भोक त्याला उलट प्रश्न विचारत नाही. म्हणून वाचकहो, कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर भांडू नका आणि पायही धरू नका. तोच प्रश्न उलटा करून विचारा, आणि मग तिथेच बसून थोडा वेळ थांबा.