जलपर्णीत अडकलेली होडी

हळू! काठावर नको, मधोमध पाय ठेवा. बसलात? मग ऐका, मी होडी बोलतेय. वल्हं मारताना होणारी करकर लाकडाची, असं माणसं समजतात. समजू देत. त्यांचं लक्ष नसलं की बरं बोलता येतं.

एका सुतारानं मला त्याच्या अंगणात घडवलं. फळ्यांच्या फटींत सूत कोंबलं, वरून गरम डांबर फासलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा पोरी, बुडू नकोस म्हणजे झालं." तेव्हापासून मी या तळ्यावर, आमच्या नावाड्याकडे. या काठाची माणसं त्या काठाला पोचवायची, हे माझं काम. भाजीच्या टोपल्या नेल्या, सायकली नेल्या. एका खेपेला रुसून माहेरी निघालेल्या बायका नेल्या, पुढच्या खेपेला त्यांच्यामागे धावत निघालेले नवरे.

मग तळ्यात जलपर्णी आली. पाहुणी म्हणून आली आणि यजमानीण होऊन बसली. फुगीर देठ, चकचकीत पानं, एका रोपाला दुसरं चिकटलेलं. बघता बघता पाणीच दिसेना. येणारेजाणारे म्हणायचे, "वा, काय हिरवंगार!" खालची गत मला विचारा. माझ्या तळाशी भर दुपारी काळोख. मासे श्वासासाठी वर यायचे आणि मुळांच्या जाळ्यात डोकं आपटून परत फिरायचे. मजेत होते ते फक्त डास. माझ्या टोकावर बसणारा खंड्या पक्षी बराच वेळ पाणी शोधत राहिला आणि एके दिवशी तोही उडून गेला.

वल्हं रुतायला लागलं तेव्हा नावाड्यानं मला काठावर ओढलं. लगेच हॉटेलवाला आला. मला टकटक करून म्हणाला, "द्या मला. हिच्यात माती भरतो, फुलझाडं लावतो. दारात ठेवली की लोक फोटो काढतील."

"तळं मोकळं नाही झालं, तर न्या," नावाडी म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं.

माझ्या पोटात माती! आणि तीही मी धडधाकट असताना!

सारी वस्ती तळ्यात उतरली. रिकामे डबे बांधलेला दोर आडवा ताणून जलपर्णी एका कोपऱ्यात रेटली, आकड्यांनी ओढली, काठापासून लांब उंचावर तिचे ढीग घातले. मीही पोटभर वाहिली. पाणी चमकलं! पण थोड्याच दिवसांत आमच्याच घाटापाशी पुन्हा रोपं. काढली, पुन्हा आली. हॉटेलवाला टेप घेऊन माझं माप काढून गेला.

नावाड्याच्या घरात तेव्हा नवी सून आली होती. बोलायची कमी, बघायची जास्त. तिनं पाहिलं, की सासूबाईंच्या अंगणातल्या टाकीत जलपर्णी फुललीय. जांभळी फुलं, वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा डोळा. टाकी भरली, की सासूबाई जास्तीची रोपं टोपलीत भरायच्या आणि अलगद तळ्यात सोडायच्या. "जीव आहे तो, उकिरड्यावर कसा टाकायचा? पाण्यातलं पाण्यात."

आता हे सासूला सांगायचं कुणी आणि कसं?

सून म्हणाली, "आई, मला वल्हं मारायला शिकवा ना."

सासूबाई खूश. पदर खोचून बसल्या. "अगं, मनगटानं नाही, पाठीनं ओढ! पिठलं ढवळतेयस का?" अख्ख्या तळ्याला चक्कर मारून आम्ही घाटाशी आलो. सुनेनं वल्हं थांबवलं.

"आई, सगळं तळं मोकळं. मग आपल्याच दारात एवढी गर्दी का हो?"

"वारा इकडचा असेल."

"हो ना. आपल्या टाकीवरून सुटतो तो."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मग टाकीच्या दिशेला. माझी एक फळीही हलली नाही.

"अगं बाई! म्हणजे मीच?" आणि त्या अशा हसत सुटल्या, की मी दोन्ही अंगांनी पाणी प्यायले. "दिसतेस गरीब गाय, पण आहेस बेरकी!"

त्याच संध्याकाळी त्यांनी टाकी खतासाठी रचलेल्या ढिगावर उपडी केली आणि नवऱ्याला स्वतःच सांगितलं.

"माझी कंबर मोडली तुझ्या फुलांपायी!" नावाडी ओरडला.

"मग चोळून देते. ओरडताय कशाला?"

तळं आज मोकळं आहे. मी पुन्हा खेपा करते आणि हॉटेलवाला तिकीट काढून माझ्यात बसतो. पण जलपर्णीचं बी चिखलात वर्षानुवर्षं दबा धरून राहतं, तेव्हा गाफील राहून चालत नाही. तुमच्या घरी पाण्यातलं एखादं देखणं झाड वाढून डोईजड झालं, तर तळ्यात, ओढ्यात सोडू नका. वाळवा, खतात घाला. दया करायचीच तर माशांवर करा.

काठ आला, उतरा. येते मी. त्या दोघी सासूसुना टोपली घेऊन निघाल्यात.

"आई, ती बघा, काठच्या लव्हाळ्यात एक जलपर्णी!"

"तू सरक, ती मी काढणार!"

दोघी एकाच बाजूला ओणव्या होतात आणि मी कलते. बुडायची मात्र नाही.