बुवा थकले

कार्यक्रमातलं जेमतेम दुसरं गाणं चालू होतं आणि नवरा माझ्याकडे वाकून म्हणाला, "बुवा थकले गं."

सगळं सभागृह उभं राहून ओरडत होतं. स्टेजवर सत्तरी ओलांडलेला तो माणूस, पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेला, गिटार पोटाशी घेऊन डोळे मिटून उभा होता. आणि ज्याच्या कॅसेटी माझ्या नवऱ्याने फिती तुटेपर्यंत वाजवल्या, त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा समोर बघताना हा खुर्चीत बसून हळहळत होता. बुवा थकले नव्हते. त्यांना मी थकवलं होतं, आणि ते मला तिथल्या तिथे कळलं.

"बुवा" हे नाव माझं. गिटार बडवणाऱ्या माणसाला एवढा मान कशाला, म्हणून लग्न झाल्या झाल्या मी चिडवायला सुरुवात केली. नवऱ्याने ते नाव चक्क आदराने उचललं, त्यामुळे चिडवण्यातली मजाच गेली.

मी कानाची यंत्रं बसवते. हा माझ्याकडे पेशंट म्हणून आला आणि नवरा होऊन बसला. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होता. कानात बोळे घालायचे सोडून प्रेसच्या ठोक्यावर बुवांचं ते गाजलेलं, नदीवरच्या पुलाचं गाणं म्हणायचा, म्हणजे कान कुठे गेले ते उघडच आहे. तपासणीच्या बंद खोलीत मी सांगितलं, शिट्टी ऐकू आली की बटण दाबा. जरा वेळाने बघते तर हा तालात बटण दाबतोय. मी काच ठोकली. "मन रमेना हो," म्हणाला. सगळी तपासणी पुन्हा करावी लागली.

आता उजवा कान गेल्यात जमा आहे. डाव्यात थोडं शिल्लक आहे, आणि तेवढ्यावर आमचा संसार चालतो. मी स्वयंपाकघरातून काहीतरी बोलते, तो बाहेरून उलट उत्तर देतो, मी त्यावर भडकते. ऐकायला कुणाला भांडण वाटेल. मला त्याशिवाय घर घरासारखं वाटत नाही.

बुवा शेवटच्या दौऱ्यावर निघाले आणि पहिल्यांदाच आमच्या शहरात यायचं ठरलं, तेव्हा तो लहान मुलासारखा मागे लागला. "यंत्र असं लावून दे की बुवा जसे आहेत तसे ऐकू आले पाहिजेत." मी मन लावून तसं जुळवून दिलं. कार्यक्रमाच्या सकाळी यंत्रं पुसायला म्हणून घेतली आणि त्यांचं सेटिंग बदललं.

आवाज किती वर जाऊ द्यायचा याची यंत्रात एक मर्यादा असते, आम्ही तिला छत म्हणतो. ते मी चांगलं खाली आणलं. भोंग्यांच्या समोर बसून डाव्या कानातलं उरलंसुरलं गेलं तर? एका कार्यक्रमाने जाईलच असं नाही, पण जाणार नाही असं तरी कोण सांगणार? काळजी होती, खोटं कशाला बोलू. पण काळजीच्या आधी स्वार्थ होता. ते उरलेलं मला माझ्यासाठी हवं होतं.

तेवढ्यावर थांबले असते तर बुवा नुसते लहान आवाजात ऐकू आले असते. पण हाताला सवय. बाजारात गलका सहन होत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी गोंगाट दाबायची सोय चढवून देते, तशी याचीही चढवली. ती सोय अगदी साधा हिशेब करते. एकसारखा, न बदलता चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मोटर, तो दाबायचा. आणि बुवांची सगळी ख्याती कशावर? लांब सुरावर. पुलाच्या गाण्यात शेवटी एकच सूर धरतात आणि सोडतच नाहीत. यंत्राने बुवांना पंखा समजून गप्प केलं.

बाकीचं जग तो सूर अंगावर घेत होतं आणि माझ्या नवऱ्याच्या कानात तो उगवता उगवता विझत होता.

फोन माझ्या पर्समध्ये होता. खरं सेटिंग त्यात जसंच्या तसं जपून ठेवलेलं, फोनवर दोनदा बोट टेकवायचा अवकाश. मी पर्सवर हात ठेवून बसून राहिले. आत्ता बदललं तर त्याला लगेच कळेल, कळलं की विचारेल, विचारलं की सांगावं लागेल. माझी भीती एवढीशी होती आणि तिच्यापायी मी गाण्यामागून गाणी जाऊ दिली.

तो मात्र बुवांना सांभाळून घ्यायला लागला. प्रत्येक गाण्याला हात लाल होईपर्यंत टाळ्या, बुवांचा धीर सुटू नये म्हणून. शेजारच्या मुलीला म्हणाला, "वय झालं ना आता, एवढं तरी कोण करतं?" ती त्याच्याकडे बघतच राहिली. "काका, काय बोलताय? आत्ता केवढा लांब सूर धरला त्यांनी!" तो समजूतदारपणे हसला. पोरगी बुवांची बाजू घेतेय, असं त्याला वाटलं असणार. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मध्यंतरात बाहेरच्या मोकळ्या जागेत आलो, तर तो पार्किंगच्या दिशेने चालायला लागला.

"कुठे निघालास?"

"घरी. त्यांचे असे हाल बघवत नाहीत मला. मनात होते तसेच राहू देत."

आता गप्प बसणं म्हणजे त्या म्हाताऱ्याला याच्या मनातून कायमचं उतरवणं. मी त्याची बाही धरली.

"बुवांना काही झालेलं नाही. मी यंत्राचं सेटिंग बदललंय."

त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. मी सगळं सांगितलं. छत, गोंगाट, लांब सूर, माझी भीती. सांगताना रडू येत होतं, पण रडले तर शब्द कळणार नाहीत म्हणून दाबून सांगितलं.

त्याने माझ्या हातातून बाही सोडवून घेतली. मग म्हणाला, "पुलाचं गाणं झालं ना?"

"झालं."

"तो सूर त्यांनी धरला होता?"

"धरला होता. खूप वेळ."

त्याने मान हलवली. "उघड सगळं."

"अरे, पण कान—"

"उघड म्हणतोय ना." मी फोन काढला, तर त्याने माझा हात अडवला. "थांब. आधी तू काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. उद्या नाहीच ऐकू आलं तर तुझं एक वाक्य गाठीला असू दे."

आयुष्यभर तोंड बंद नसतं माझं, आणि त्या वेळी एक शब्द सुचेना. शेवटी बाहेर काय पडलं, तर "गॅस बंद केला होतास ना?"

"धन्य आहेस," म्हणाला. तेव्हा हसला तेवढाच. मी उघडलं.

उत्तरार्धात मी बुवांकडे पाहिलंच नाही, याच्याकडे पाहत होते. पहिला ठोका पडला तसा तो दचकला आणि खुर्ची सोडून उभा राहिला. बुवांनी एका गाण्यात सूर धरला, पुलाच्या गाण्याइतका लांब नाही, पण धरला. मग त्याने स्टेजच्या दिशेने हात जोडले. "माफ करा बुवा," असं काहीसं पुटपुटला. माफी मी मागायला हवी होती आणि मागत होता तो. पुलाचं गाणं पुन्हा वाजेल, म्हणून तो दिवे लागेपर्यंत उभा राहिला. नाही वाजलं.

गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "मला विचारायचं होतंस." त्यात राग असता तर मी भांडले तरी असते.

सकाळी मी स्वयंपाकघरात गेले. तो बाहेर खुर्चीत, पाठमोरा. यंत्रं कानात होती, ती मी आधी पाहिली. नेहमीच्या आवाजात विचारलं, "चहा टाकू का रे?"

उत्तर नाही.

हातातलं पातेलं खाली ठेवायचं भान राहिलं नाही. रस्त्यावरून गाडी गेली, वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, ते सगळं मला ऐकू येत होतं. पुन्हा विचारलं, आवाज चढवून. नाही. मी दारापर्यंत आले आणि तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा माझा आवाज फुटला होता.

तो वळला नाही.

"टाक," म्हणाला. "पहिल्यांदा विचारलंस तेव्हाच ऐकू आलं होतं."