ऋता पहिल्या सीनपासून आहे

"अनघा, खुर्च्या कमी पडणार. तुझ्याकडच्या घेऊन ये," मीनाक्षीने दारातूनच फर्मावलं आणि उत्तराची वाट न बघता ती लिफ्टकडे वळली.

मी तिच्याच ब्लॉकमध्ये खालच्या मजल्यावर राहते. सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या या ब्लॉकात मराठी घरं दोनच, त्यामुळे खुर्च्यांपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं आमचं वर-खाली चालू असतं. खुर्च्या घेऊन वर गेले, तर साखरभाताचा घमघमाट आणि बाईसाहेब ठेवणीतल्या इरकलीत.

"अगं, लग्न आहे का घरात?"

"लग्नात काय, सगळ्यांच्याच मुली दिसतात. टीव्हीवर कुणाची दिसते सांग!"

ऋता तिची एकुलती एक. मेलबर्नला कॉमर्स शिकायला गेली, डिग्री हातात घेतली आणि सरळ अभिनयात शिरली. कॅफेत कॉफ्या करायच्या आणि ऑडिशन्स देत फिरायचं, असं तिचं काही वर्षं चाललं होतं. तिच्या बाबांना, निशिकांतरावांना, हे मुळीच पटलं नव्हतं. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या नीलिमाच्या नवऱ्याने रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत तिच्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता. शेवटी बापलेकीत ठरलं. तिला एका ऑस्ट्रेलियन मालिकेच्या एका भागात काम मिळालं होतं, तो भाग बाबांनी पूर्ण बघायचा. बघूनही ते 'परत ये' म्हणाले, तर ती मुकाट्याने परत येणार. मुलगी जवळ असावी असं मीनाक्षीलाही वाटत होतंच, पण ती हरून यायला नको होती.

मालिकेतली गोष्ट आधी फोडायची नाही असा करार होता म्हणे. ऋता फोनवर एवढंच म्हणाली, "आई, मी पहिल्या सीनपासून आहे. पण लोकांना बोलावू नकोस हं." यातलं पहिलं वाक्य मीनाक्षीने ऐकलं, दुसरं सोयीस्करपणे सोडून दिलं.

निशिकांतराव जहाजावर चीफ इंजिनीअर होते. लोहखनिज भरायला ते जन्मभर ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत जात राहिले, पण त्यांना तिथे दिसायचा तो धक्का, क्रेन आणि लाल धुरळा. ऑस्ट्रेलिया बघितला तो मीनाक्षीने, चोआ चू कांगच्या सोफ्यावर बसून. नवरा समुद्रावर, मुलगी शाळेत आणि ही दुपारच्या मालिकांत.

"अगं, अनवाणी दुकानात जातात!" ती मला लिफ्टमध्ये सांगायची. "सून सासूला नावाने हाक मारते आणि सासू हूं का चूं करत नाही. मुलगा मोठा झाला की वेगळा राहतो. आई रडत नाही, त्याला किटली घेऊन देते. संकट आलं की मात्र आपल्यासारखंच, आधी चहाचं आधण."

तिची तक्रार एकच होती. त्या एवढ्या गावांमध्ये आपला माणूस दिसायचा तो टॅक्सी चालवताना, नाहीतर दुकानाच्या गल्ल्यावर. एक वाक्य बोलायचा आणि गायब. "मेलबर्नला तर जिकडेतिकडे आपली मुलं आहेत म्हणते ऋता. मग टीव्हीवर जातात कुठे?"

संध्याकाळी नीलिमा बुकित तिमाहहून नवऱ्याला आणि लेकीला, चैतालीला, घेऊन आली. मंडळातली आणखी दोन कुटुंबं आली. निशिकांतराव, परीक्षक म्हणून बोलावल्यासारखे, कडेच्या खुर्चीत ताठ बसले. हल्ली ते जहाज सोडून इथल्याच बंदरात नोकरी करतात, पण बसणं अजून ड्यूटीवरचंच.

मालिका सुरू झाली. पहाटेचा समुद्रकिनारा. एक कुत्रं धावत येतं. त्याच्यामागून आलेला म्हातारा मच्छीमार एकदम थबकतो. ओल्या वाळूत एक मुलगी कुशीवर पडलेली. कॅमेरा जवळ जवळ जात राहिला. ओठ निळे, केसांत शेवाळ. ऋता!

टाळी वाजवायला उचललेले मीनाक्षीचे हात तसेच राहिले. "झोपलीय का गं ती?" तिने विचारलं.

"आंटी, शी इज डेड लाह," चैताली तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

या घराने वर्षानुवर्षं समुद्राकडे एकच मागणं मागितलं होतं, की आमचं माणूस धड परत दे. अवेळी फोन वाजला की पांढरी पडणारी मीनाक्षी मी पाहिली आहे. त्याच घरात, इरकल नेसून आणि साखरभात शिजवून, ती समुद्राने बाहेर टाकलेली पोटची पोर बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

"बंद करा तो टीव्ही!" नीलिमा म्हणाली. "अभद्र मेलं कुठलं! जिवंत पोरीला असं दाखवतात? मीनाक्षी, मनाला लावून घेऊ नकोस. बँकेतलं काम अजून होण्यासारखं आहे."

निशिकांतरावांनी रिमोट उचलला.

"थांबा," मीनाक्षी म्हणाली आणि आत गेली. आम्हाला वाटलं, रडायला गेली. ती बाहेर आली ती मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन. टीव्हीसमोर उभी राहिली आणि पडद्यावरच्या ऋतावरून मूठ ओवाळायला लागली. "आल्यागेल्याची, घरादाराची, कुणाची दृष्ट लागली असेल तर जळून जाऊ दे." मग मूठ गॅसवर. मिरच्यांचा असा ठसका उठला, की सगळी खोली खोकायला लागली. ती शांतपणे येऊन बसली.

"मघापासून कॅमेरा तिच्या तोंडावर आहे. पापणी तरी हलली का? अहो, रिमोट ठेवा खाली. पूर्ण बघायचा शब्द दिलाय तुम्ही."

त्यांनी रिमोट खाली ठेवला.

ती मुलगी त्या छोट्या गावात शिकायला आलेली, मासे तळून विकणाऱ्या दुकानात काम करणारी. तिच्या मृत्यूचा छडा लावणारी पोलीस बाई घरोघर जात होती आणि प्रत्येक घरात खरंच आधी चहाचं आधण चढत होतं. कुणी तिला गणित शिकवलं होतं, कुणी सायकल दिली होती. शेवटी अख्खं गाव अनवाणी किनाऱ्यावर जमलं, बरण्यांत मेणबत्त्या लावून. त्या दिवशी होड्या समुद्रात गेल्या नाहीत. दुकानाची म्हातारी मालकीण पोलीस बाईला म्हणाली, "ती आमची होती."

"बघ अनघा," मीनाक्षी माझा हात दाबत म्हणाली. "गाव थांबलं. आपल्या पोरीसाठी." तिचे डोळे वाहत होते आणि मान ताठ होती.

मग जुनी आठवण म्हणून एकच दृश्य आलं. तेच दुकान. ऋता जिवंत, हसत, एका हाताने बटाट्याच्या फोडी पुड्यात भरतेय, कानाशी फोन. आणि ऑस्ट्रेलियाच्या त्या मालिकेत ती चक्क मराठीत म्हणाली, "आई, जेवलीस का? आणि बाबांचं जहाज लागलं का गं?"

खाली इंग्रजीत अक्षरं उमटली. आम्हाला त्यांची गरज नव्हती. शाळेतून आली की दप्तर खाली टाकायच्या आधी ऋता हेच विचारायची. बाकी सगळं इंग्रजीतून, हे एवढं मराठीतून. मला खाली ऐकू यायचं. ज्यांच्याबद्दल विचारायची, ते बाबा मात्र तेव्हा घरात नसायचे.

"मराठी बोलली गं बाई!" नीलिमा डोळे पुसत म्हणाली. निशिकांतराव उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले.

साखरभात वाढत होतो तेवढ्यात ऋताचा फोन आला. मीनाक्षीने स्पीकर लावला आणि नवऱ्याला आत बोलावलं.

"बाबा, बघितलंत?"

"हं."

"पूर्ण?"

"पूर्ण." त्यांनी फोन जवळ ओढला. "पाणी किती गार होतं?"

"खूप. जुलैत, इथल्या ऐन थंडीत शूटिंग होतं, बाबा."

"कपड्यांच्या आतून रबरी वेटसूट दिला नाही?"

"फुगवटा दिसतो म्हणून नाही दिला."

"आणि तू हलली नाहीस."

"हलले असते तर सगळ्या युनिटला परत थांबावं लागलं असतं."

त्यांनी फोन मीनाक्षीच्या हातात दिला. 'परत ये' म्हणाले नाहीत, 'तिथेच राहा' असंही नाही. पाहुणे निरोप घेऊन गेले तरी मीनाक्षी नवऱ्याच्या तोंडाकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी साखरभाताचा डबा परत द्यायला गेले. रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात लिंबाचं लोणचं घातलं होतं. मीनाक्षी शिवणयंत्रावर होती. उत्तरेकडच्या समुद्रात बॉयलरसूटच्या आतून घालायचा निशिकांतरावांचा जुना लोकरी बनियन-विजारीचा जोड उसवून ती ऋताच्या अंगासरशी बसेल अशा मापाचा करत होती. ते जमिनीवर बसून खोक्यावर पत्ता घालत होते, जहाजाच्या सुट्या भागांवर घालतात तशा ठळक अक्षरांत. पत्ता मेलबर्नचा होता.

"आणि बँकेचं?" मी हळूच विचारलं.

"सकाळीच कळवलं यांनी नीलिमाला, नको म्हणून," मीनाक्षी यंत्रावरून मान वर न करता म्हणाली. पण सुई काही काळ चालली नाही.

"पुन्हा पाण्यात झोपवली तर आतून घालेल," निशिकांतराव म्हणाले. "लोकर आहे. भिजली तरी ऊब धरते."

जोड तयार झाला तसा त्यांनी घडी करून खोक्यात ठेवला आणि वरून सुतळी आवळली. "अनघा, जरा इथे बोट ठेव."

मी गाठीवर बोट ठेवलं.