वुशीच्या बालभवनातला काळा घोडा

मी एक जुना लाकडी घोडा आहे. गाडीला जुंपायचा नव्हे हं, बुद्धिबळाचा! रंगाने काळा आणि एका कानाने तुटका. चीनमधल्या वुशी शहराच्या बालभवनातली एक पेटी हेच माझं घर.

मित्रांनो, माझा कान इथे खेळायला शिकणाऱ्या छोट्या रुओशीने तोडला, तरी तिच्यावर माझा भारी जीव! तिचे आजोबा कालव्याकाठी चिनी बुद्धिबळ खेळत. त्यातल्या सोंगट्या गोल, चपट्या; चाल करायची ती आपटूनच. नातीचाही हात तसाच.

"अगं, घोडा आहे तो, खिळा नाही!" तिला शिकवणाऱ्या फेंगबाई ओरडायच्या.

पण पोरगी खेळायची काय! मोठमोठ्या मुलांना घाम फुटायचा. शेवटी प्रांताच्या संघाचं बोलावणं आलं. म्हणजे नानजिंगला जाऊन राहायचं. रुओशीचे आईवडील आधीच कामासाठी दूर. आता नातही गेली की आजोबा एकटे. पण तसं कबूल करतील तर ते आजोबा कसले!

"असल्या बाहुल्यांच्या खेळासाठी घर सोडायचं?"

"एक डाव खेळून तर बघा, आजोबा. की घाबरलात?"

"मी? बस समोर! हरलीस तर नानजिंगचं नाव काढायचं नाही."

फेंगबाईंनी त्यांना नियम सांगितले. आजोबा चहाचे घोट घेत नुसतं "हं, हं" करत राहिले.

खेळाडू मात्र कसलेले! त्यात एवढं सगळं पणाला लागलेलं. रुओशी चुकत गेली. पार कोंडीत सापडली. आजोबांनी माझ्या अगदी नाकासमोर प्यादं आणून ठेवलं. त्यांच्या खेळात असं केलं की घोड्याचा पाय अडतो, तो हलूच शकत नाही.

"बांधला तुझा घोडा!" ते खूश.

रुओशीने मला उचललं आणि त्या प्याद्याच्या डोक्यावरून थेट पलीकडे! राजाला शह, शिवाय वजीरही माझ्या माऱ्यात.

"ए! उडी कशी मारली याने?"

"इथला घोडा उडतो, आजोबा. बाईंनी सांगितलं होतं."

"लबाड जनावर!" आजोबा माझ्याकडे बघत पुटपुटले. हार मानून स्वतःचा राजा आडवा केला. मग हळूच म्हणाले, "तिकडे थंडी फार असते. जाड मोजे घे."

रुओशी गेली आणि पुढे ग्रँडमास्टर झाली! इकडे प्लास्टिकच्या नव्या सोंगट्या आल्या. आम्ही कपाटात धूळ खात पडलो. तुटक्या कानाच्या घोड्याला कोण विचारतो?

विचारलं ते आजोबांनीच. आता रोज दुपारी ते येतात, आम्हाला मऊ फडक्याने पुसतात आणि रुओशीचे डाव फोनवर बघून आमच्यावर मांडतात. मध्ये एक प्यादं हरवलं, तर त्याच्या जागी शेंगदाणा ठेवला. तो एका कार्ट्याने ऐन डावात खाऊन टाकला! "अरे, माझ्या नातीचं प्यादं होतं ते!" आजोबा अक्षरशः रडकुंडीला आले.

म्हणून सांगतो मित्रांनो, खेळ झाला की आम्हाला मोजून पेटीत ठेवा. दूर गेलेल्या आपल्या माणसाजवळ बसायला कुणाकुणाला आमचाच पट लागतो.