उलटं झाकण

आमच्या घरात कांदा शिजत नाही. लोकांना वाटतं, कसलं तरी व्रत असेल. व्रत कसलं डोंबलाचं, नवऱ्याची जीभ!

हे डेअरीत दुधाची चव बघायला होते. सकाळी कॅन आले की एकेकाचं झाकण उघडायचं, झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचा, शंका आलीच तर घोटभर दूध तोंडात घोळवून थुंकायचं. पुढे मशिनं आली, तरी डेअरीचा भरवसा यांच्याच नाकाजिभेवर. ती जीभ स्वच्छ राहावी म्हणून कांदा नाही, लसूण नाही, तंबाखू नाही, कढत चहा नाही. सर्दी झाली की आपणहून रजा. कुणाकडे जेवायला गेलो की यजमानीण हिरमुसायची आणि मी आपली ओशाळं हसत बसायची.

दूध नापास झालं तर हे तोंडानं काही बोलत नसत. झाकण उलटं करून कॅनवर ठेवायचे. उलटं झाकण म्हणजे माल परत. हमाल तो कॅन मुकाट्यानं बाजूला काढायचे. "एवढा एक चालवून घ्या हो," म्हणत किती जण मागे लागायचे! गोठेवाले, ड्रायव्हर, एकदा तर खुद्द मोठे साहेब. यांनी कधी चालवून घेतलं नाही. मला त्या उलट्या झाकणाचा केवढा अभिमान! बाजारात मी ताठ मानेनं फिरायची ती त्याच्याच जिवावर.

आणि अशा माणसाच्या लेकीनं दूध सोडलं.

ती जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होती. शिक्षणासाठी एका गोठ्यावर राहून आली आणि घरात पाऊल टाकताच म्हणाली, "आई, मी आता व्हीगन. दूध, दही, तूप, मध, सगळं बंद." नर वासरू झालं म्हणून ते दुसऱ्याच दिवशी टेम्पोत चढवलं होतं, आणि गाय रात्रभर गोठ्याच्या दाराकडे तोंड करून हंबरत होती. हिनं ते पाहिलं होतं. चामड्याच्या चपलासुद्धा तिनं बाहेरच काढून ठेवल्या त्या कायमच्या.

"अंगावरचं कातडं तेवढं ठेव," मी फणकारले.

"माझं ठेवते. दुसऱ्याचं नको."

उत्तर तयारच! मला हसू आलं, पण मी ते गिळलं. एकाचं बिनकांद्याचं, दुसरीचं बिनतुपाचं. या दोघांच्या मधे माझं काय भरीत होतंय, याची कुणाला पर्वा होती? आता हेच तिला फैलावर घेतील म्हणून मी दारात उभी राहिले. यांनी पेपर बाजूला केला.

"कुणी सांगितलं म्हणून?"

"नाही, बाबा."

"कुणाला दाखवायला?"

"नाही."

"बरं," म्हणाले आणि पेपर परत तोंडासमोर धरला. झालं! माझा सगळा राग तसाच हातात राहिला.

मग यांच्या निवृत्तीचा दिवस आला. डेअरीत एक रिवाज आहे. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या शेवटच्या दिवसाच्या दुधातला एक पेला त्याच्या मुलानं नाही तर मुलीनं सगळ्यांसमोर प्यायचा. जे जगाला पाजलं तेच घरच्यांना पाजलं, असा त्याचा अर्थ. आता दूध यांनी पास केलेलं, आणि यांचीच मुलगी पेला नाकारणार? लोक काय म्हणतील?

यांच्या शर्टाला इस्त्री करता करता मी तिला गाठलं.

"एकच पेला. बाबांची मान खाली जाईल गं. एवढं एकदा चालवून घे."

ती शर्टाच्या कॉलरकडे बघत राहिली. "बाबा म्हणाले असं?"

"ते कधी म्हणतील का?"

"पिते," ती म्हणाली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि कॉलरवर दुसऱ्यांदा इस्त्री फिरवली.

समारंभ शीतगृहाशेजारच्या हॉलमध्ये होता. साहेबांनी भाषण लांबवलं, हार झाले, फोटो झाले. मग ट्रे आला. त्यात स्टीलचा पेला, वर छोटं झाकण. साहेबांनी झाकण काढून ट्रेमध्ये ठेवलं आणि पेला लेकीच्या हातात दिला. ती हसली. तिचं असं ओढूनताणून हसणं मी कधी पाहिलं नव्हतं.

यांना शंका आली की डावी भुवई वर जाते. गेली!

"थांब," हे म्हणाले. "तुला प्यायचंय?"

"तुमच्यासाठी पिते, बाबा."

"ते नाही विचारलं मी."

तिचे डोळे भरून आले. "नाही प्यायचं," ती म्हणाली.

यांनी पेला तिच्या हातातून घेतला, ट्रेमधलं झाकण उचललं, उलटं केलं आणि पेल्यावर ठेवलं.

मागच्या रांगेतले हमाल एकदम उठून उभे राहिले. त्या झाकणाचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. साहेब मात्र गडबडले. "अहो, शेवटच्या दिवशी आपलंच दूध परत करता?"

"दुधात खोट नाही, साहेब. मीच पास केलंय. पण हिचा 'हो' नासका होता. तो कसा पुढे जाऊ देऊ?"

पहिली टाळी माझी होती. हो, जिनं तिला 'चालवून घे' म्हणून गळ घातली होती तिचीच! माझ्या नवऱ्याचा आणि माझ्या लेकीचा मला इतका अभिमान वाटला की हार घातलेल्या त्या माणसाला तिथेच मिठी मारावीशी वाटली. दोघं एका साच्यातली. मला इतके दिवस कसं दिसलं नाही, देव जाणे.

टाळ्या थांबल्या तरी साहेब पेल्याकडेच बघत होते. "पण रिवाज... घरच्या कुणीतरी..."

"मी काय शेजारची आहे का?" म्हणत मी पदर खोचला आणि व्यासपीठावर चढले. कांदा मी सोडला, तूप वेगळ्या भांड्यात मी ठेवलं, आणि पेल्याच्या वेळी मात्र माझी आठवण कुणाला नाही! "अहो, काढा ते झाकण. मला प्यायचंय."

यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि झाकण काढलं. मी पेला तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. लेकीनं हसत, रडत आपल्या रुमालानं माझ्या ओठांवरची पांढरी मिशी पुसली.

मी हळूच यांच्या डाव्या भुवईकडे पाहिलं. जागच्या जागी होती.