मोहाखालच्या नोट्स

मोहाच्या दिवसांत मोहर्लीकडच्या त्या जंगलकाठच्या गावात गप्प माणूस कुणालाच चालत नाही. एरवी बडबड्या बायकांना नावं ठेवणारे म्हातारे त्या दिवसांत त्यांना आग्रहानं आपल्या झाडाखाली बोलावून नेतात. कारण सरळ आहे. झाडाखाली पडलेली मोहाची फुलं वेचणारी बाई वाकून, जवळजवळ चार पायांवर सरकत असते. झुडपातून बघणाऱ्या वाघाला ती माणूस वाटतच नाही, चितळ वाटतं. तोंडानं आवाज सुरू असला की त्याला कळतं, हे आपलं खाणं नव्हे, आणि तो वाट बदलतो. म्हणून प्रत्येक झाडाखाली एकानं वेचायचं आणि दुसऱ्यानं खोडाला पाठ लावून बोलत राहायचं. याला तिथं आवाज धरणं म्हणतात. मागच्या मोहात कलाबाईच्या सुनेनं आवाज धरायचा सोडून मोबाइलमध्ये डोकं घातलं. कलाबाईला घरी आणलं ते चादरीत गुंडाळून, आणि चादर फार जड नव्हती.

बुधरीच्या झाडाखाली आधी तिचा नवरा लालसू आवाज धरायचा. बोलायला त्याला कधी काही सुचलं नाही, म्हणून तो आपल्या चुलतभावांना शिव्या द्यायचा, अगदी पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्धार करायचा. मग तो मोहर्लीच्या गेटवर जंगल सफारीचा गाइड झाला आणि तिथं त्याला उलटंच काम लागलं. जिप्सीत बसलेल्या पाहुण्यांना वाघ दिसावा म्हणून त्यानं ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करायचं. ती सवय इतकी अंगात मुरली की घरात कुणी मोठ्यानं शिंकलं तरी लालसूचं बोट ओठांवर जायचं. असा माणूस मोहाखाली काय कामाचा? आवाज धरायचं काम मुलीकडे आलं.

मुलगी स्वाती. चंद्रपूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, होस्टेलवर राहणारी, परीक्षेआधीच्या सुटीत घरी आलेली. तिच्याजवळ नोट्सचा एक जाडजूड गठ्ठा होता. कॉलेजातल्या राजदीप नावाच्या सीनियरनं तो तयार केला होता आणि निम्मं कॉलेज त्याच्याच झेरॉक्सवर पास होत होतं. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, इंग्रजी, मराठी, सगळं एकाच गठ्ठ्यात. कुणावर पुस्तक उघडायची वेळ येऊ नये, एवढीच त्या पोराची तळमळ. पहिल्याच पानावर त्यानं ठळक अक्षरांत सूचना लिहिली होती की अभ्यास मनातल्या मनात करा, ओठ हलवू नका, मोठ्यानं वाचणं ही गावठी सवय आहे.

होस्टेलच्या मुली स्वातीच्या हलणाऱ्या ओठांना हसायच्या. मोहाखाली मात्र तिला हसणारं कुणी नव्हतं. पहाटे झाडाला टेकून ती खड्या आवाजात पेशी वाचायची, आम्ल वाचायची, इंग्रजी निबंध वाचायची, आणि बुधरी वेचता वेचता सगळ्यात नाक खुपसायची. बेडकाच्या हृदयात तीन कप्पे असतात हे ऐकून ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली होती.

"बेंडकाले तीन खोल्या," ती म्हणाली, "अन् आपल्याले घरकुलात एकच भेटली."

स्वाती इतकी हसली की शेजारच्या झाडाखालून विचारणा झाली, काय झालं म्हणून. बुधरी शाळेची पायरी चढली नव्हती, पण लेकीच्या अभ्यासाचा तिला नुसता अभिमान नव्हता, तिला त्यात रस होता. परीक्षा जणू तिचीच होती.

त्या दिवशी मराठीची पाळी होती. अभ्यासक्रमात एक कथा होती. एक बाई सासरच्या जाचाला कंटाळून तान्ह्या पोरीला घेऊन निघते, संध्याकाळी नदीवर येते, नदीला पूर असतो, मागून दिरांचे कंदील दिसू लागतात. राजदीपनं एवढं चार ओळींत उरकलं होतं आणि पुढे मध्यवर्ती कल्पना, पात्रचित्रण, भाषाशैली असं लिहून शेवटी टाकलं होतं, कथेचा शेवट करुण व हृदयस्पर्शी आहे.

बुधरीचा हात थांबला. नदी पार केली का तिनं, असं तिनं विचारलं. स्वाती म्हणाली, ते यात लिहिलेलं नाही. मग पोरीचं काय झालं? तेही नाही. स्वातीनं पुढचं पान काढलं, पण बुधरी ऐकायला तयार नव्हती.

"एका बाईले पोरीसंगं पुरात उभी केलन अन् सोडून देल्लन? तू पुस्तक नाई वाचलीस का?"

हे वर्मी लागलं, कारण खरं होतं. पुस्तक होस्टेलच्या कपाटात कोरं करकरीत पडलं होतं.

"परीक्षेत नाई येत ते," स्वाती म्हणाली. "अन् तुले काय समजते त्यातलं? तू आपली मोह वेच."

बुधरी आली आणि तिनं लेकीच्या मुस्काटात मारली. हात मोहानं चिकट झालेला होता, गालावर गोड वास राहिला. मग ती काही न बोलता टोपली उचलून झाडाच्या पलीकडच्या अंगाला गेली आणि पाठ फिरवून वेचू लागली. स्वातीनं रसायनाचं पान काढलं, दात आवळले आणि आयुष्यात पहिल्यांदा राजदीपची सूचना पाळली. ती मनात वाचू लागली. ओठसुद्धा हलू दिले नाहीत.

रुसायला वर्षाचे बाकीचे महिने मोकळे पडले होते. घरी जाऊन चुलीपाशी रुसता आलं असतं, जेवणावर रुसता आलं असतं. गावातल्या शेंबड्या पोराला कळतं की मोहाखाली रुसायचं नसतं. या दोघींना कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण लेक म्हणत होती, आधी माय बोलेल, आणि माय म्हणत होती, आधी लेक बोलेल. मायलेकी सारख्याच हट्टी, दुसरं काय.

डरकाळी वगैरे काही झाली नाही. ओलं पोतं जमिनीवर आपटावं तसा आवाज झाला. स्वातीनं मान वळवली तेव्हा वाघीण बुधरीच्या पाठीवर होती आणि मान आणि खांदा मिळतात तिथं तिचे दात रुतले होते. बुधरीची बोटं अजून मोहाच्या फुलांत होती, ती जमीन उकरत होती.

स्वातीनं खोडाला टेकवलेली बांबूची काठी घेतली आणि ती धावली. पहिला फटका वाघिणीच्या कपाळावर बसला. तिनं डोळेही मिटले नाहीत. दुसरा, तिसरा, मग किती ते स्वातीला कळलं नाही. बांबू मधून फाटला. वाघीण बुधरीला तोंडात धरून मागे सरकू लागली तेव्हा स्वातीनं मायचा पाय पकडला आणि दुसऱ्या हातानं फाटक्या बांबूचं टोक त्या जबड्यात खुपसलं. ते हिरडीत गेलं. वाघिणीनं पंजा मारला, स्वातीच्या दंडापासून मनगटापर्यंत कातडी उसवली, तरी स्वातीनं टोक सोडलं नाही, ते आत फिरवलं. तिच्या नाकावर जनावराचा श्वास येत होता, सडक्या मांसाचा आणि गरम. आता कुठं तिचा आवाज फुटला. शब्द सुचेनात तेव्हा जिभेवर जे होतं तेच ती ओरडली, आम्ल, अल्कली, क्षार, पुन्हा आम्ल. वाघिणीनं जबडा उघडला, मान झटकली, रक्ताची गुळणी टाकली आणि झुडपात गेली.

शेजारच्या झाडांखालची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. बुधरी जिवंत होती. मानेच्या एका बाजूचं मांस लोंबत होतं आणि श्वास घेतला की तिथून बुडबुडे येत होते. कुणी आपलं लुगडं फाडलं, कुणी ते जखमेत कोंबलं. तिला उचलून पळत रस्त्यावर आणलं तर समोरून जंगलाबाहेरच्या बफर पट्ट्यातली सफारीची जिप्सी येत होती. ड्रायव्हर विक्की ती चालवत होता, मागे पाहुणे होते आणि पुढच्या सीटवर गाइड म्हणून लालसू बसला होता. त्यानं बायकोला साडीवरून ओळखलं.

पाहुण्यांतला एक गोरागोमटा माणूस सीटवर उभा राहिला आणि मोबाइल समोर धरून शूटिंग करू लागला. जखम नीट दिसेना म्हणून त्यानं हिंदीत लोकांना जरा बाजूला व्हायला सांगितलं. स्वातीच्या हातात तो फाटका बांबू अजून होताच. ती चाकावर चढली आणि तिनं त्याच्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा फटका तोंडावर बसला. तो खाली पडला तरी ती मारतच होती, जे वाघिणीला मारायचं राहिलं होतं ते सगळं त्याच्यावर काढत होती, आणि खरं सांगायचं तर भोवतीच्या एकालाही त्याची दया आली नाही. लोकांनी बाकीच्यांना कॉलर धरून खाली ओढलं. एकानं जिप्सीच्या काचेत कुऱ्हाड घातली, दुसरा पेटवून द्या म्हणून ओरडू लागला. लालसूनं स्वातीला कमरेला धरून मागे खेचलं. तो पेटवणाऱ्याला एवढंच म्हणाला की मग हिला काय तुझ्या पाठीवर नेऊ?

विक्कीनं गाडी चंद्रपूरच्या रस्त्याला लावली. मागे लालसूच्या मांडीवर बुधरीचं डोकं होतं आणि स्वतःचा उसवलेला दंड विसरून, जखमेवरचा बोळा दाबून स्वाती गुडघ्यांवर बसली होती. बुधरीचे डोळे उघडे होते. ते लेकीकडे बघत होते आणि ओठ हलत होते, पण शब्द मानेतूनच निघून जात होते. स्वातीच्या तोंडून हुंदक्याशिवाय काही निघेना.

"आवाज धर," लालसू म्हणाला.

आणि तिनं आवाज धरला. फुटक्या काचेतून वारा तोंडावर येत होता, त्याच्या वर आवाज चढवून ती बोलू लागली. पेशी, पेशीभित्तिका, हरितद्रव्य. इंग्रजी निबंध. बेडकाच्या हृदयाचे तीन कप्पे, आणि तिथं ती म्हणाली, माय, बेंडकाले तीन खोल्या, आणि बुधरीचा ओठ एका कोपऱ्यात हलला. गठ्ठा तिकडे मोहाखाली रक्तात पडला होता, पण अक्षर न् अक्षर तिला पाठ होतं. इतका अभ्यास आपला झालाय हे तिलाच माहीत नव्हतं.

मग ती कथेतल्या त्या नदीवर आली. तिथं तिच्याजवळ पाठ केलेलं काही नव्हतं. ती स्वतःच सांगू लागली. बाईनं लुगड्यानं पोरीला पाठीशी बांधलं, माय. पाण्यात उतरली. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. मागं दीर शिव्या देत होते, पण एकाची उतरायची हिंमत नाही झाली. एक ओंडका वाहत आला, तो तिनं धरला. पोरगी रडत होती म्हणून ती तिच्याशी बोलत राहिली, सारखी बोलत राहिली.

दवाखान्यात स्ट्रेचर बाहेर आलं. तरुण डॉक्टरनं बुधरीच्या गळ्याच्या चांगल्या बाजूला बोटं ठेवली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मग लालसूला हळूच विचारलं, केव्हा गेल्या?

लालसू म्हणाला, पद्मापूरच्या अलीकडं.

म्हणजे अर्धा रस्ता त्याला ठाऊक होतं. मांडीवरचं डोकं जड झालेलं त्याला कळलं होतं, आणि त्यानं ना विक्कीला सांगितलं, ना लेकीला. स्वाती अजून बोलतच होती. बाई पैलतीराला लागली होती, माहेरच्या दारात उभी होती. बोळा धरलेला हात तिनं काढला नव्हता. डॉक्टर म्हणाले, पेशंट बाजूलाच आहेत, मुलीला जरा शांत करा.

लालसूचा हात सवयीनं वर गेला. बोट ओठांपर्यंत आलं आणि तिथं थांबलं. मग त्यानं तो हात खाली आणला आणि बुधरीच्या पायावर ठेवला. तिच्या टाचेला मोहाचं एक फूल चिकटलेलं होतं.

"बोलू द्या," तो म्हणाला. "मीच सांगतलो तिले."

स्वातीनं बाईला माहेरच्या घरात नेलं, पोरीला दूध पाजलं, चूल पेटवली. मग सांगायला काही उरलं नाही, तेव्हा तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.