हरणीपुढचं ताट

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गात त्या आठवड्यात उणे अठराची थंडी पडली आणि गयाबाईला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी हळू बोला म्हणालं. तेही एका हरणीपायी.

हरणी सकाळीच कुंपणाच्या फटीतून आली आणि मागच्या अंगणात, गुडघाभर बर्फात, खिळा ठोकल्यासारखी उभी राहिली. पापणी लवेना की कान हलेना. गयाबाईनं काचेतून पाहिलं आणि तिचा जीव कळवळला. दारात आलेला जीव, आणि उपाशी! तिनं गावाहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या तीन भाकरी थापल्या, वर पातळ केलेला गूळ ओतला, ताट नेऊन हरणीच्या पुढ्यात ठेवलं, "खा माय, लाजू नको," म्हणाली आणि माघारी आली.

शेजारणीनं, फ्राऊ क्योलरनं, हे खिडकीतून पाहिलं आणि लगेच फोन फिरवला. अर्ध्या तासात शिकारी दारात. हिरवा कोट, मिशीत बर्फ. इथं हिवाळ्यात रानातल्या जनावरांची काळजी शिकारीच घेतो, असं सुनेनं, उत्कर्षानं सांगितलं.

"मग चोर काय पोलिसात कामाला हायेत का इथं?" गयाबाई म्हणाली.

"आई, हळू बोला ना!"

शिकारी कुजबुजत जर्मन बोलला, उत्कर्षानं कुजबुजत त्याचं मराठी केलं. "तो म्हणतो, या गारठ्यात हरणं पोट आवळून घेतात. काळीजसुद्धा सावकाश चालवतात. उभ्या उभ्या अंगातली चरबी वाचवतात. घाबरून दोनदा पळाली तरी कारभार आटोपला. आणि भाकरी खाल्ली तर..."

"तर?"

"पोटात आंबेल आणि ती मरेल. सध्या तिचं पोट फक्त काड्या आणि सालींचं आहे."

"माझी भाकर खाऊन मरंल?" गयाबाईचा आवाज असा काही चढला, की बाहेर हरणीचा एक कान उठला. शिकारी मटकन खाली बसला. गयाबाईचा मुलगा विपुल स्वयंपाकघरात ऑफिसची मीटिंग कुजबुजत उरकत होता. त्यानं लॅपटॉपच मिटला. "अर्धा तालुका जेवलाय माझ्या हातचं! एक मेलं न्हाई!"

"आई, ताट तुम्हालाच उचलावं लागेल. शिकाऱ्याचा वास तिला ओळखीचा आहे. विपुलनं दार नुसतं किलकिलं केलं तर तिनं पाय उचलला. तुम्ही गेलात तेव्हा मात्र हलली नाही."

"मी कुणाच्या पुढ्यातलं ताट वढत नसते."

हे तिनं हळू म्हटलं. विपुलला कळलं, आता वाद नको. गयाबाई नऊ वर्षांची असताना गावच्या लग्नात तिच्या आईपुढची पत्रावळ ओढली होती एकानं, तुझी पंगत ही नव्हे म्हणून. गरम वरण आईच्या लुगड्यावर सांडलं होतं. त्यानंतर गयाबाईच्या दारातून कुत्रंसुद्धा कधी अर्ध्या जेवणावरून उठलं नाही.

बाहेर हरणीनं मान खाली घातली. शिकाऱ्यानं डोळ्यांवर हात घेतला.

"वढायचं न्हाई," गयाबाई म्हणाली. "पण संगं जेवायला कुणाची बंदी हाय?"

तिनं गोधडी पांघरली, बादली उचलली आणि निघाली. पायाखाली बर्फ कुरकुरलं तर तिनं त्यालाही डोळे वटारले. हरणीसमोर बादली पालथी घालून ती बसली आणि जेवू लागली. भाकरीचं एव्हाना कौल झालं होतं. तोंडात दात सात, त्यातले तीन शोभेचे. पहिली भाकर संपली तेव्हा काचेआडून शिकाऱ्यानं एक बोट दाखवलं. दुसरीला दोन. विपुल आत कपाळ धरून बसला होता आणि उत्कर्षा दुलई घेऊन दारात.

तिसरी भाकर गुळासकट ताटाला गोठली होती. निघता निघेना. आणि हरणी एक पाऊल पुढं आली. मग दुसरं. तिच्या नाकातली वाफ गयाबाईच्या हाताला लागली. हुसकावली तर पळून मरणार, खाऊ दिलं तर खाऊन मरणार, आणि ओढायचं तर नाहीच. गयाबाईनं क्षणभर विचार केला, बादलीवरून उठली आणि सरळ ताटात बसली.

"वढलं न्हाई गं," तिनं हरणीला बारीक आवाजात समजावलं, "नुसती बसले."

हरणीनं गोधडी हुंगली, गयाबाईच्या कानाशी एक शिंक दिली, आणि वैतागून वळली. सावकाश चालत ती फ्राऊ क्योलरच्या अंगणात गेली. तिथं थंडी लागू नये म्हणून गुलाब पोत्यात बांधून ठेवले होते. हरणीनं पोतं सोडवलं आणि कोवळ्या काड्या मोडायला सुरुवात केली. काड्याच त्या! शिकाऱ्याचा चेहरा असा खुलला, जणू त्याच्या घरी बारसं होतं.

फ्राऊ क्योलरनं ताडकन खिडकी उघडली आणि ओरडायला आ वासला. शिकाऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं. बाईचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यातून वाफ तेवढी येत होती.

गयाबाईनं ताटात बसल्या बसल्या तिच्याकडं पाहिलं.

"मीट ते तोंड, बाई," ती हळूच म्हणाली. "आता पंगत तुझ्या घरी हाय."